कुठून मोजलं?

जंगल खात्यातल्या त्या नकाशेवाल्याला कोणतंही अंतर सांगितलं की तो आधी विचारायचा, "कुठून मोजलं?" स्टेशन दोन मैल म्हटलं तरी, "कोनत्या फाटकापासून, भाऊ?" मी तहसिलीत गावनकाशे सांभाळायचो, मला त्याचा हा हट्ट पटायचा.

दोन्ही खात्यांनी एकच नकाशा वापरायचं ठरलं, तेव्हा आमच्या रेषा जुळेनात. त्याचं मोजमाप डोंगरावरच्या सर्व्हेच्या खुणेपासून, माझं गावच्या शिवेच्या दगडापासून. फरक मोजणीच्या दोन साखळ्यांचा. नेमक्या तेवढ्याच पट्ट्यात एका म्हाताऱ्या गोंड शेतकऱ्याची धानाची बांधी, म्हणजे भातखाचर, होती. डोंगराच्या खुणेनं ती जंगलात जायची, आणि जंगलात गेली की तिथं नांगर बंद.

आमच्यावरचे साहेब म्हणाले, "डोंगराची खूण धरा."

म्हातारा दारातच उभा होता. "माही बांधी सरकली का जी?"

"बांधी नाई सरकली, बाबा. कागद सरकून राह्यला." एवढं बोलून नकाशेवाल्यानं महिनाभर शाईनं काढलेला आपला नकाशा बाजूला सारला आणि कोरा कागद अंथरला. "डोंगरावरून कोनी धान लावत नाई, साहेब. शिवेचा दगड धरतो."

साहेबांनी चिडून माझ्याकडे पाहिलं. "तुमचं काय?"

डोंगराची खूण जास्त अचूक होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी म्हणालो, "शिवेचा दगड."