गोळीवाल्याचे आप्पे

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत नवीन राहायला आलेलं माणूस ‘गोळीवाला बंदेनवाज’ हे नाव ऐकलं की आधी लिमलेटच्या गोळ्या समजतं, नाहीतर औषधाच्या. लहान पोरं तर सरळ हात पुढे करतात. बंदेनवाजही खिशात लिमलेटची पुडी बाळगतो, कारण प्रत्येकाला खरं काय ते समजावत बसायचं म्हणजे अर्धा दिवस जायचा. खरं असं, की शहराबाहेरच्या माळावर बंदुकीच्या सरावाचं मैदान आहे. तिथं निशाणांच्या मागे वाळूचा मोठा बांध घातलाय. झाडलेल्या गोळ्या निशाण फोडून त्या वाळूत शिरतात आणि तिथंच मुक्काम ठोकतात. त्या उकरून काढायच्या, वाळू पुन्हा बांधावर टाकायची आणि गोळ्यांमधलं शिसं वितळवून विकायचं, हा बंदेनवाजचा धंदा.

काम वाटतं तेवढं सोपं नाही. गोळीबार चालू असल्याचा लाल झेंडा उतरल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. वाळूवर आधी पाणी मारायचं, नाहीतर शिशाची धूळ नाकातोंडात जाते. मग मोठी चाळणी दोघांनी समोरासमोर धरून हलवायची. चाळणीचं दुसरं टोक रामहरीकडे. हा त्याचा भागीदार, करमाळ्याकडचा शेतकरी गडी. हात हलतात त्याच्या दुप्पट दोघांची तोंडं हलतात, पण वाळूत एक गोळी मागे राहत नाही. शिसं पोटात गेलं की माणसाची वाट लावतं, हे बंदेनवाजला पक्कं ठाऊक. साबणाने कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय तो चहाच्या कपाला शिवत नाही आणि कामाचे कपडे घरात आणत नाही. इतका जपणारा माणूस, आणि घोळ झाला तो नेमका त्याच्याच हातून.

त्याचं असं झालं. उजनी धरणाच्या पाण्यात मासे धरणाऱ्यांनी जाळ्याला लावायला शिशाची गोल वजनं मागितली. बंदेनवाजकडचा साचा विटेसारखा लांबट. रामहरी ज्वारी काढायला गावाकडे गेलेला आणि बंदेनवाजची बायको लालबी बहिणीकडे अक्कलकोटला. घरात विचारायला कुणी नाही आणि अडवायलाही कुणी नाही. स्वयंपाकघरात लालबीचा आप्प्यांचा तवा लटकत होता. बिडाचा, काळाभोर, सुबक खळ्यांचा. गड्याने तो उचलला, माळावरच्या शेडमध्ये नेला आणि खळ्याखळ्यांत वितळलेलं शिसं ओतलं. अशी देखणी वजनं पडली की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. तवा आता खाण्याच्या कामाचा राहिला नाही, म्हणून तो त्याने भंगाराच्या पोत्यात खुपसला. लालबी यायच्या आत नवा आणू, असं ठरवलं आणि अर्थातच आणला नाही.

लालबीने परत आल्यावर घर पालथं घातलं, शेजारणींवर संशय घेऊन झाला. बंदेनवाज हूं की चूं न करता बसून राहिला. आधीच लालबीची जीभ धारदार, त्यात तवा तिच्या आईने दिलेला.

एवढ्यात त्यांच्या लेकीला, माहेनूरला, बघायला करमाळ्याहून पाहुणे यायचे ठरले. मुलगा अझरुद्दीन ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. पोरंपोरं एकमेकांना पसंत होती, अडलं होतं ते मुलाची आई रहेमतबी हिच्या होकारावर. ही बाई घरोघरी नाक मुरडून आलेली. पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच माहेनूरने बापाला बजावलं, “अब्बा, आज तेवढा काय गोंधळ घालू नका.”

पाहुणे आले. बंदेनवाज चौकातून दही घेऊन परत निघाला, तर गावाहून परतलेला रामहरी समोरून हसत आला.

“वैनीचा तवा दिला बरं का घरी.”

“कंचा तवा?”

“आप्प्यांचा की! तुमच्या भंगाराच्या पोत्यात गेलता. राखंनं लख्ख घासला आन सकाळी तुमच्या माघारी नेऊन दिला. वैनी लई खूश. म्हणल्या, पावण्यांना आप्पेच करते.”

दही तिथंच सांडलं. बंदेनवाज पळत सुटला. पन्नाशीचा माणूस एका हाताने पायजमा सावरत पळतोय, हे पेठेने बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

दारात पोचला तेव्हा रहेमतबीने आप्पा चटणीत बुडवून तोंडाजवळ नेला होता. बंदेनवाजने झडप घालून तिच्या हातातला आप्पा उडवला आणि पुढचं ताटच ओढलं.

“खाऊ नका! कुनीबी खाऊ नका!”

आप्पे घरंगळत पलंगाखाली गेले.  आतल्या दारात माहेनूर उभी होती, आणि तिचा चेहरा पाहून बापाला तिचं सकाळचं बजावणं आठवलं. पिठात पाल पडली म्हटलं की भागलं असतं. थाप अगदी जिभेवर आली होती. पण उद्या लालबी त्याच तव्यात पुन्हा आप्पे करणार. त्याने थाप गिळली.

“त्या तव्यात मी शिसं वतलं हुतं. बंदुकीच्या गोळ्यांचं. इष असतंय ते. लालबीला म्हाईत न्हाय, रामहरीलाबी न्हाय. चूक माझी हाय.”

कोपऱ्यातून विचित्र आवाज आला. अझरुद्दीनच्या गालात एक आप्पा होता आणि तो गिळावा की ठेवावा हे त्याला कळेना. बंदेनवाजने त्याला मोरीवर नेलं, थुंकायला लावलं आणि तांब्याने पाणी घालत चूळ भरवली. होणाऱ्या जावयाची अशी बडदास्त सोलापुरात कुणी ठेवली नसेल.

लालबी उठली. तिने तवा उचलून दाराबाहेर ठेवला, हात स्वच्छ धुतले आणि डब्यातल्या कडक भाकरी न् शेंगाचटणी पुढे मांडली. नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळे खाऊ लागले. घरात फक्त भाकरी मोडल्याचा आवाज. आता हे उठणार आणि कळवतो म्हणून जाणार, हे माहेनूरने मनाशी धरलंच होतं.

रहेमतबीने हात पुसले.

“लई घरं बघितली बाई. समद्यांनी ग्वाड बोलून खाऊ घातलं. आमीबी काय कमी न्हाय, नासल्याली खीर वेलदोडं घालून पावण्याला वाढलीया आन गप बसलोय. ह्या मानसानं लेकीचं जमत आल्यालं मोडायची येळ आली तरी माझ्या फुडचं ताट वढलं.” ती माहेनूरकडे वळली. “तुझा बाप कायम असाच असतो का गं?”

“असाच हाय,” माहेनूर रडवेली होऊन म्हणाली.

“मग ह्या घरात आमी डोळं झाकून जेवू. पोरगी आमची.”

बंदेनवाज भिंतीला टेकून खाली बसला. लालबीने भाकरीचा तुकडा चटणीसकट त्याच्या हातात कोंबला आणि म्हणाली, “खावा आता. बघत काय बसलाय?” त्याने घास घेतला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“चटणी लई तिखट झालीया,” तो म्हणाला. हे मात्र कुणीच खरं मानलं नाही.