जांभळाचं सरबत

नातवंडांनो, तुम्ही ठेवून गेलेली जांभळाची बिअर कशी लागली, हे फोनवर परत विचारलंत, म्हणून आता खरं लिहिते. इंग्रजी गोष्टींतली मुलं आल्याची बिनदारूची बिअर पितात, म्हणून मी तिला सरबतच समजले. जांभळं विकणारी बाई आपल्या गावाशेजारच्या गोरेगावहून उन्हातून दारी आली, तेव्हा पेला भरून तिच्यापुढे ठेवला. प्यायला काहीही दिलं, तरी ती आधी थेंबभर तळहातावर घेते. तिने हुंगलं, चाटलं आणि ती अंगणात जाऊन थुंकली.

"फळ चांगलं हाये, बाई. पण कुजवलं काऊन? आमी पंचशील पाळणारे, अन् तुमी दारू पाजून राहिल्या!"

मी हादरले.

ती अजून येते. मात्र मी पाणी दिलं, तरी म्हणते, "आधी तुमी प्या."