ज्यानं चालवायची, त्यानं खोलायची

२७ सप्टेंबर, शुक्रवार, देवळाली प्रवरा. आजचं काम: अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, सायकलची चेन आणि फ्रीव्हील बदलणे, ब्रेकचे रबर बदलणे, मागच्या चाकाची आउट, म्हणजे लचक, काढणे. सोमवारी पहाटे माझी धाकटी बहीण शीला या सायकलवर नागपूरला निघणार आहे. त्याच्या आत सगळं झालं पाहिजे.

मी घर सोडलं तेही याच सायकलच्या सोबतीनं. कॅरियरवर पत्र्याची ट्रंक दोरीनं आवळलेली, अण्णा हँडल धरून पुढे, मी ट्रंकेला हात लावून मागे, आणि शाळेच्या फ्रॉकमधली शीला पाण्याची बाटली घेऊन सगळ्यांच्या मागे. आई स्टँडवर आली नाही. दारातच म्हणाली, "उपाशी झोपू नको. बाकी तुझं तुला कळतं." पुण्याची एसटी लागली, मी चढले, ट्रंक वर टाकली, संपलं. पुढे लग्न झालं, नेदरलँड्सला उट्रेख्तला गेले, तिथल्या इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरीला लागले. विमानतळावर रडारड झाली खरी, पण मला विचाराल तर घर सुटलं ते ट्रंकेच्या दिवशी. विमान हा नुसता पुढचा प्रवास.

ही सायकल साधी नाही. इथल्या साखर कारखान्यात नवी यंत्रं बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता. सुटीच्या दिवशी तो हिच्यावर नेवासा, पारनेर असा भटकायचा. जाताना ती त्यानं अण्णांना दिली. अण्णा तिथे वर्कशॉपमध्ये फिटर. हिरवी फ्रेम, मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं हँडल, मागे पाच गिअर, लांबच्या प्रवासासाठीच बांधलेली. गावातल्या खड्ड्यांनी तिच्या मूळ रिमा खाल्ल्यावर अण्णांनी आपल्याकडच्या जाड रिमा बसवल्या आणि दर वर्षी दसऱ्याच्या आधी तिच्यावर नागपूरला, दीक्षाभूमीला जायला लागले. एकटे, कॅरियरवर चादर आणि पान्हे बांधून.

निघण्याआधी अंगणात गोणपाट पसरून ते सायकल पूर्ण खोलायचे. आळीतले बाकीचे लोक त्याच सुमारास पूजेसाठी अवजारं घासायचे. आमच्याकडे पूजा नाही, ग्रीस. शीलाकडे रॉकेलच्या वाटीतले बेअरिंगचे छर्रे सांभाळायचं काम असायचं. ती दर वर्षी विचारायची, मी येऊ? अण्णा म्हणायचे, "पाय पुरू दे." पाय पुरले तोवर मी गेले होते. मग आईचं दुखणं, मग अण्णांचे गुडघे. शीलाचा नवरा ट्रकवर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. अण्णांच्याच घरातल्या पुढच्या खोलीत तिनं शिवणाचं दुकान टाकलं आणि एका डोळ्यानं मशीन, एका डोळ्यानं म्हातारी माणसं अशी वर्षं काढली. आई गेली तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचले. शीला तिच्याजवळ होती.

जूनमध्ये तिचा फोन आला. "ताई, औंदा मी जानार हाय नागपूरला. अण्णांच्या सायकलवर. तू ये आन् अण्णांपाशी ऱ्हा." सल्ला विचारला नव्हता, काम सांगितलं होतं. मी रजा टाकली.

उट्रेख्तला आमच्या वस्तीत शनिवारी सकाळी एका हॉलमध्ये लोक मोडक्या वस्तू घेऊन येतात आणि जाणती माणसं त्या दुरुस्त करून देतात. सायकलच्या टेबलावर मी बसते. तिथे सायकलला फीट्स म्हणतात, आणि घरटी माणसांपेक्षा फीट्स जास्त. त्यामुळे हे काम मला येतं, असा माझा समज होता आणि तो बराचसा खरा आहे. येताना चेन आणली, फ्रीव्हील आणलं. दोन्ही एकदम बदलावी लागतात, नाहीतर नवी चेन झिजलेल्या दात्यांवरून उड्या मारते. टायरही आणले. शीलानं फोनवर अठ्ठावीसची साइझ सांगितली होती, मी अठ्ठावीसचे घेतले. इथे आल्यावर बघते तर ते रिमवर चढेनात. तिकडचं अठ्ठावीस आपल्याकडच्या अठ्ठावीसपेक्षा बोटभर लहान असतं, हे दोन्हीकडे राहूनही मला ठाऊक नव्हतं. अण्णा म्हणाले, "तुझ्या देशात चाकं बी बेतानं खात्यात का?" शीलानं राहुरीहून टायर आणले. माझे टायर बॅगेत परत.

त्या शुक्रवारी शीला मशीनवरून उठलीच नाही. नवरात्राचे ब्लाउज उरकायचे होते, ऐन सीझन. मी म्हटलं, तू शिव, सायकल माझ्यावर सोड. संध्याकाळपर्यंत चेन, फ्रीव्हील, ब्रेकचे रबर, गिअरची केबल, सगळं झालं. पेडलचे दांडे ज्या खिळ्यांनी एक्सेलला घट्ट बसतात ते कॉटर झिजले होते, तेही नवे ठोकले. चाकाच्या हबमध्ये नवे छर्रे भरले. चाक फिरवलं तर आवाज नाही. मला स्वतःचंच कौतुक वाटलं, का वाटू नये.

अण्णा काठी टेकत आले. मागचं चाक उचलून फिरवलं, कान लावला, बोटानं चेन दाबून पाहिली. काम चांगलं झालंय म्हणाले. मग विचारलं, "कुनी केलं?"

मी केलं म्हटलं.

"मंग उद्या खोल सगळं. शीला बसवंल. ज्यानं चालवायची, त्यानं खोलायची."

मी वाद घातला. दिवस दोनच उरलेत, ती दमलीय, सायकल तयार आहे, तयार सायकल कोण खोलतं? अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. आवाज न चढवता म्हणाले, "सुजे, मेहकरच्या पुढं काय निखळलं तर तू असनार हाय का तिथं? रविवारपातुर तिला जमलं तर ती सायकलवर जाईल. न्हाई जमलं तर एसटीनं जाईल."

शीला आत काज-बटण करत होती. तिनं हे ऐकलं. मला वाटलं ती तरी बापाला दोन शब्द सुनावेल. तिनं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "ब्लाउज रातच्याला हुतील. ताई, गोनपाट कुठंय बघ."

शनिवारी सकाळी मी माझं केलेलं काम माझ्या हातानं उलगडलं. एवढा राग मला बऱ्याच वर्षांत आला नव्हता. मग बाजूला बसले, कारण हात लावायची परवानगी नव्हती. फक्त तोंडानं सांगायचं, तेही तिनं विचारलं तर.

तिनं फारसं विचारलं नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या बोटांना ताण कळतो. छर्रे दाबून धरणारा कोन-नट किती आवळायचा, केबल किती खेचायची, हे ती दोऱ्याचा ताण बघावा तसं बघत होती. आउट काढायला ती खडू घेऊन बसली, कापडावर खूण करतात तो. चाक फिरवून रिमला टेकवला, लागला तिथली तार आवळली. मला तिकडे यासाठी स्टँड लागतो. कॉटरचं मात्र चुकलं. दोन्ही एकाच बाजूनं ठोकले, त्यामुळे पेडल एका रेषेत येईनात. रविवारी संध्याकाळी ती कारखान्याच्या रस्त्याला चक्कर मारून आली ती लंगडत चालल्यासारखी. आळीतल्या बायका हसल्या. एक म्हणाली, "शीले, सायकलला पोलिओ झाला का गं?" शीला पण हसली. उतरली, दोन्ही बाजू वाकून बघितल्या, एक कॉटर काढला, उलटा फिरवून पलीकडून घातला, हातोडीनं बसवला आणि परत गेली. या वेळी सरळ आली.

अण्णांनी चाक उचलून पाहिलं नाही. "पान्हे चादरीच्या वरच ठेव, हाताशी," एवढंच म्हणाले. म्हणजे झालं.

सोमवारी पहाटे ती निघाली. पांढरा पंजाबी ड्रेस, डोक्याला मी तिकडून आणलेलं माझ्या मुलाचं जुनं हेल्मेट, कॅरियरवर चादर. आम्हाला जय भीम केला आणि वळून न बघता नेवाशाच्या रस्त्याला लागली. माझ्यासारखे जे बाहेर गेले त्यांना सांगते, निघणाऱ्याला ही बाजू कधी दिसत नाही. गेलेल्याच्या पुढे रस्ता असतो. मागे राहिलेल्याच्या पुढे तोच ओटा, तीच उष्टी कपबशी, आणि दिवसभर फोनकडे लक्ष. शीलानं हे माझ्यासाठी किती वेळा केलं, आणि तेही कुरकुर न करता, हे मला पंचेचाळिशी उलटल्यावर एका सोमवारी कळलं. आणि जे राहिले त्यांना काय सांगणार, त्यांना ठाऊकच आहे. घर म्हणजे मी जिथून निघाले ती जागा, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. ते घर जागेवर होतं, कारण एक बाई त्याच्यात थांबली होती.

संध्याकाळी फोन आला. गोदावरीचा पूल ओलांडून ती मावसबहिणीकडे पोचली होती. म्हणाली, प्रवरासंगमच्या अलीकडं डावा कॉटर ढिला झाला, पेडल खडखडायला लागलं. मी लगेच सुरू झाले, नवा कॉटर बसतो तेव्हा पहिल्या दिवशी ढिला होतोच, आधी नट... तिनं मध्येच थांबवलं. "ठोकला मी, ताई. नट आवळला. मंगच पुढं निघाले. अण्णांनी गोळी घेतली का?"

घेतली होती. अण्णांना सांगितलं, कॉटर ढिला झाला होता, तिनं बसवला. त्यांनी मान हलवली आणि भाकरी मोडली. माझ्या भाकरीला पापुद्रा नव्हता, तरी खाल्ली.

मंगळवारी सकाळी दुकानाचं दार मी उघडलं. मशीनवरचं कापड काढलं, तयार ब्लाउजचा गठ्ठा पुढे ओढला. थोड्या वेळानं एक बाई आली. मला ती ओळखत नव्हती, मी तिला ओळखत नव्हते. तिनं आत डोकावून विचारलं, "शीला न्हाई का?"

"ती बाहेरगावी गेलीय," मी म्हटलं. "मी आहे घरी. कुठला रंग तुमचा?"

राणी कलर म्हणाली. शोधून दिला.