झेंडूच्या माळेची गाठ

नाशिक रोडला कॉलनीतल्या दोन खोल्यांत आमची बालवाडी होती. नव्वदीची शेवटची वर्षं. पोळ्याला मातीचे बैल, दसऱ्याला झेंडूचं तोरण, संक्रांतीला कागदाचे पतंग. मुलांची बोटं वळावीत म्हणून सणवार बघून मी काम काढायची. लोक म्हणायचे, काय हा पोरखेळ! म्हणोत बापडे.

त्या वर्षी फुलं पिकवणाऱ्या घरातली चार वर्षांची एक मुलगी आली. शहराबाहेर त्यांचा झेंडूचा मळा. पावसाळ्यात तिची आई तापाने गेली होती, आणि पोर रडलीच नव्हती. वडील रोज सोडायला आले की दारात हळूच म्हणायचे, "बाई, एकदा रडली पायजे ही. लय भ्या वाटतं मला."

दसरा जवळ आला तसे मी झेंडू आणि बोथट सुया काढल्या. बाकीची मुलं फुलं कुस्करत होती, हिने भराभर माळ ओवली. मग दोऱ्याचं टोक डावीकडे धरून थांबली. तिथे सतरंजीवर कोणीच नव्हतं.

"काय गं?" मी विचारलं.

"आई गाठ मारते ना."

वडिलांना विचारलं तेव्हा कळलं, त्यांच्यात लेकरं ओवतात आणि डावीकडे बसलेली आई गाठ मारते. लहानाची गाठ बाजारात सुटते म्हणे.

मग रोज तेच. टोक धरायची, वाट बघायची, आणि माळ तशीच घेऊन निघायची. फाटकापर्यंत फुलं गळत जायची. तिच्या डावीकडे मुलं बसेनाशी झाली. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. मला भुताखेतांच्या गोष्टींचा भारी राग, पण मीसुद्धा ती जागा ओलांडेना.

आमच्या मदतनीस मावशींना राहवलं नाही. "आण गं इकडे," म्हणत त्यांनी पटकन गाठ मारून टाकली. पोरीने माळ मांडीवर घेतली आणि नखांनी ती गाठ सोडवली. मोठ्या माणसालाही सुटली नसती! मावशी तोंडाला पदर लावून आत गेल्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दाराला तोरण बांधायचं होतं. तिने टोक धरलं. किती तरी वेळ. शेवटी तिने दोरा स्वतःकडे ओढला, बोटाभोवती फिरवला, गाठ मारली आणि उरलेला दाताने तोडला. माळ त्या रिकाम्या जागेसमोर धरून म्हणाली, "बघ, जमली."

बघत राहिली. मग एकदम फुटली. असं रडणं मी लहान मुलाचं कधी ऐकलं नव्हतं.

वडील घ्यायला आलेच होते. आवाज ऐकून चपला न काढताच आत धावले आणि तिला कुशीत घेऊन खाली बसले, नेमके डावीकडे. "तिथे नका बसू," माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.