नर्सबाईंचा भोपळा

नर्सबाई रागावल्याशिवाय कुणाच्या जखमेला हात लावत नसत. आधी तोंडाचा पट्टा, मग कोमट पाणी, मग जांभळं औषध आणि सगळ्यात शेवटी पट्टी. "डोळे काय खिशात घालून चालतोस, मेल्या?" हे ऐकल्याशिवाय आमच्या कारखान्याच्या दवाखान्यातून कुणी सुटत नसे. हात मात्र इतके हलके की शिव्या ऐकता ऐकता पट्टी कधी बांधून झाली ते कळायचं नाही. मूळच्या त्या वेंगुर्ल्याकडच्या. पन्नाशीला टेकलेल्या, एकट्या, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पातळातल्या. साहेब लोक त्यांना 'सिस्टर' म्हणत, कामगार नुसतं 'बाई' म्हणत, आणि दोघेही त्यांना सारखेच भीत.

मी तेव्हा रोज सकाळच्या गाडीने पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये जायची. चिंचवडला उतरून कॉलनीत परतले की कुणाशी बोलायचं नाही, असा माझा शिरस्ता होता. शाळेत माझ्या मराठीला हसत आणि कॉलनीत माझ्या इंग्रजीला, त्यामुळे गप्प राहणं सोयीचं पडे. नर्सबाईंनी मला एकदा दवाखान्याच्या पायरीवर गाठलं. "ए कॉन्व्हेंट! बोलायचं नसतं ना तुला? मग ही पेटी धर. पेटीला बोलावं लागत नाही." त्या दिवसापासून दर रविवारी त्यांची औषधाची पेटी घेऊन मी फुटबॉलच्या मैदानावर जाऊ लागले.

मैदानावर त्या काही आवडीने येत नव्हत्या. पंधरा वर्षांखालच्या मुलांचे सामने सुरू झाले, तेव्हा कारखान्याच्या क्रीडा समितीने नियम केला की नर्स हजर हवी. पहिले दोन रविवार त्या मैदानाकडे पाठ करून विणत बसल्या. तिसऱ्या रविवारी देहूरोडच्या एका मुलाचा बूट तळवड्याच्या अनवाणी पोराच्या अंगठ्यावर पडला आणि तो ओरडला. बाई खेळ चालू असतानाच मैदानात घुसल्या. रेफ्री शिट्टी वाजवत मागे धावला. "ती शिट्टी गिळ आधी," त्या म्हणाल्या, "नख निघालंय पोराचं." त्या दिवशी विणकाम पेटीच्या तळाशी गेलं ते गेलंच, आणि बाई तळवड्याच्या झाल्या.

चार संघ होते. देहूरोडच्या मुलांना बूट होते आणि शिकवायला एक निवृत्त सुभेदार. तळेगावची मुलं एकाच शाळेतली, ड्रिलमास्तरांच्या हाताखाली रोज सराव करणारी. आमच्या कॉलनीच्या संघाला पाठीवर आकडे शिवलेले सदरे होते, हाफटाइमला लिंबाचं सरबत होतं, आणि समितीचे सेक्रेटरी म्हणून माझे बाबा होते. तळवड्याची मुलं शेतं तुडवत चालत यायची. त्यांच्याकडे नामा होता. नामा गोलकीपर. चेंडू त्याच्याकडे गेला की परत येत नसे, एवढंच त्याच्याबद्दल सांगता येईल.

दर सोमवारी कँटीनच्या बाहेरच्या भिंतीवर पेंटर तक्ता रंगवायचा. सामने, जिंकले, बरोबरी, हरले, केलेले गोल, खाल्लेले गोल, गुण आणि शेवटी सरासरी. दोन संघांचे गुण सारखे झाले तर केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागायचं आणि ज्याचा भागाकार मोठा तो वर. पहिला येणारा संघ मुंबईला खेळायला जाणार होता.

मुंबई म्हणजे समुद्र. तळवड्याच्या एकाही मुलाने तो पाहिला नव्हता. हाफटाइमला बाई त्यांना घरून आणलेल्या चण्याबरोबर समुद्राच्या गोष्टी वाटायच्या.

"इंद्रायणीच्या पुराएवढा असतोय का वो?" नामाने एकदा विचारलं.

"पूर कसला! पलीकडचा काठच नसतो त्याला."

"काठ न्हाई? मंग पलीकडं काय हाय?"

"पाणी."

"आन् त्येच्या पलीकडं?"

"पाणीच रे मेल्या! जिंका आणि बघा जाऊन. मी दाखवीन." बाईंनी पोरांना दिलेला हा एकमेव शब्द. मला वाटतं, त्यांना स्वतःलाही तो समुद्र हवा होता. कितीतरी वर्षांत त्या घरी गेल्या नव्हत्या.

शेवटचा एक सामना राहिला तेव्हा कॉलनी आणि तळवडे यांचे गुण सारखे होते. त्या सोमवारी आम्ही तक्ता पाहायला गेलो. कॉलनी पहिली, तळवडे दुसरं. बाईंनी सरासरीच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हा भोपळा कुणाचा?"

"तळवड्याचा, बाई," पेंटर शिडीवरून म्हणाला. "पयल्यापास्नं भोपळाच हाय. त्यांनी एकबी गोल खाल्ला न्हाई, मंग भागायचं कशानं? सायेब म्हनले, शून्य टाक."

परतताना मी हळूच म्हणाले, "शून्याने भागलं तर शून्य येत नाही."

बाई थांबल्या. "मग काय येतं?"

"तसं उत्तरच येत नाही. पण भागणारा आकडा जितका लहान, तितकं उत्तर मोठं होत जातं. शून्याजवळ गेलं की त्याला अंतच राहत नाही. इन्फिनिटी म्हणतात."

"म्हणजे ते सगळ्यात वर?"

"हो."

"मग मला काय सांगतेस? बापाला सांग!"

शनिवारी संध्याकाळी आमच्या व्हरांड्यात समिती चहाला बसली होती. बाईंनी माझं मनगट धरून मला त्या चौघांसमोर उभं केलं. मी बोलले. सगळं बोलले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकजण म्हणाले, "व्हेरी क्लेव्हर, बेबी!" आणि त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. बाबा हसले. "बेबी, हे तुझं अल्जिब्रा नव्हे, फुटबॉल आहे. नियमात भागाकार म्हटलंय. भागाकार होत नसेल तर शून्यच धरावं लागतं."

"साहेब," बाई म्हणाल्या, "उद्या माझ्या दवाखान्यात वर्षभर एकही माणूस दगावला नाही, तर मलाही भोपळा देणार काय?"

"सिस्टर, रागावता कशाला? उपाय सोपा आहे. उद्या तुमच्या पोरांना एक गोल खाऊ द्या. भागाकार होईल, तुमचा आकडा आमच्यापेक्षा मोठा येईल, आणि जा खुशाल मुंबईला!"

चौघेही मोठ्याने हसले. मी हे हसणं विसरलेले नाही. चूक आहे हे त्यांना कळलं होतं, कळल्याशिवाय उपाय सुचत नाही. पण एका ओळीची दुरुस्ती करण्यापेक्षा पोरानेच हात मागे घ्यावा, हे त्यांना सोपं वाटलं. आणि त्यात त्यांना गंमत वाटली. माझे बाबा वाईट माणूस नव्हते, असं लोक मला सांगतात. मला ठाऊक आहे. म्हणूनच जास्त राग येतो.

रविवारी सकाळी कॉलनीने आपला सामना जिंकला. दुपारी तळवडे विरुद्ध तळेगाव. हाफटाइमला तळवडे दोन गोलांनी पुढे होतं. बाईंनी पोरांना गोल बसवलं आणि साहेबांचा उपाय जसाच्या तसा सांगितला. "लपवून ठेवणार नाही मी. जिंकलात आणि एक गोल खाल्लात, तर मुंबई. नाही खाल्लात, तर कॉलनी जाणार."

कॅप्टन म्हणाला, "सोड की नाम्या एक. आपून फुडंच हाय."

"बाई, तुमी सांगा. सोडू?"

बाई चण्याच्या पुडीची घडी घालत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "जीभ उचलत नाही रे माझी. तुमचं तुम्ही बघा."

नामाने थोडा विचार केला. "समिंदर हाय न्हवं? सोडतो."

खेळ संपता संपता तळेगावच्या एका मुलाने लांबून चेंडू मारला. साधाच, लोळत येणारा. तळवड्याची सगळी पोरं जागच्या जागी थांबली. नामाने दोन्ही हात पाठीमागे घेतले. चेंडू त्याच्या उजव्या बाजूने रेषेपर्यंत आला. आणि नामा आडवा झाला. चेंडू पोटाशी कवटाळून तसाच मातीत पडून राहिला. मग शिट्टी झाली.

तो लंगडत आमच्याकडे आला, कोपर सोलपटलेलं. "हातच ऐकंनात, बाई."

"मेल्या, गेला की रे समुद्र!" बाई ओरडल्या आणि पदराने त्याचं तोंड इतक्या जोराने पुसू लागल्या की तो मागे मागे सरकायला लागला. बाकीच्या पोरांनी त्याला एका शब्दानेही बोल लावला नाही. बाईंनी त्याच्या कोपराला जांभळं औषध लावलं आणि बाटलीला बूच न लावताच त्या उठल्या. मी पेटी घेऊन मागे धावले.

कँटीनच्या भिंतीसमोर त्या थांबल्या. "कॉन्व्हेंट, काय म्हणालीस त्याला?"

"इन्फिनिटी."

"मराठीत बोल गो!"

"अनंत."

त्यांनी कापसाचा बोळा बाटलीत बुडवला, त्या भोपळ्यावर काट मारली आणि त्याच्यावर 'अनंत' असं लिहिलं. रकान्यात मावेना, म्हणून पार कॉलनीच्या ओळीवरून नेलं. बाटली संपेपर्यंत गिरवलं. मग मला म्हणाल्या, "चल, घरी जा. बाप विचारेल तर सांग, नर्सने केलं."

बाबांनी विचारलं. मी म्हणाले, "शब्द माझा होता." त्यानंतर आम्ही बरेच दिवस जेवताना बोललो नाही.

कारखान्याच्या मालमत्तेचं नुकसान केलं म्हणून बाईंना लेखी माफी मागायला सांगण्यात आलं. त्यांनी उत्तर दिलं, भिंतीची माफी मागते, चुन्याची मागते, समितीची मागणार नाही. महिन्याभरात त्यांना कामावरून काढलं. कॉलनीचा संघ मुंबईला जाऊन पहिलाच सामना हरून आला. येताना मुलांनी शिंपले आणले. त्यातला एक बाबांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला असतो.

स्टेशनवर बाईंना पोचवायला मी आणि नामा दोघेच होतो. गाडीला उशीर झाला म्हणून त्या स्टेशनमास्तरवर चिडल्या होत्या, आणि ट्रंक नीट धरली नाही म्हणून नामावर. माझे डोळे भरून आलेले त्यांना दिसले. "रडायचं नाही गो. रडलीस तर 'बिचारी' म्हणून चहा प्यायला बसतात. चिडलीस तर निदान खुर्चीवरून उठावं तरी लागतं." गाडी हलल्यावर खिडकीतून हात दाखवायच्या ऐवजी त्यांनी नामाच्या कोपराकडे बोट केलं. खपली काढू नको, असं त्या ओरडत होत्या.

पुढच्या वर्षी नियमात एक ओळ वाढली. एकही गोल न खाल्लेल्या संघाने एक गोल खाल्ला असं धरून सरासरी काढावी. ठराव बाबांनीच मांडला, एकमताने मंजूर झाला. आदल्या वर्षाचा उल्लेख त्यात नव्हता. तळवड्याने त्या वर्षी संघ पाठवला नाही. नामा आता आमच्याच कारखान्यात माल चढवतो. समुद्र त्याने अजून पाहिलेला नाही.

त्या भिंतीला दर दिवाळीला चुना लावतात. दोन हात लावतात, तीन लावतात. भिंतीला ओल धरली की पांढऱ्यातून जांभळं वर येतं, आधी नुसता डाग, मग 'अ'ची उभी रेघ, मग सगळा शब्द. मी आता कॉलेजात जाते. परवा बाबांबरोबर तिथून जात होते. बाबा थांबून भिंतीकडे पाहत म्हणाले, "हे काही जायचं नाही. पार खरवडूनच काढावं लागणार."

"खरवडा," मी म्हणाले. इतक्या मोठ्याने, की कँटीनच्या दारातल्या माणसांनी वळून पाहिलं.