हळदीची साडी आणि बत्तीस बिटं

उल्हासनगरच्या एका साडीवाल्या सिंधी शेठसाठी मी प्रोग्राम लिहिला होता. साडी रंगवायच्या आधी पडद्यावर दिसावी, एवढंच काम. पण अंबरनाथ पश्चिमेला आमच्या बिल्डिंगीत मी त्याची अशी काही हवा केली होती, की खालचा इस्त्रीवाला मला बघून उभा राहायचा. शेठच्या दुकानात पहिलं गिऱ्हाईक खरवईहून आलं: नवऱ्या मुलाची आई, सगळ्यांच्या काकू, मागे अर्धं गाव. हळदीला घरच्या सगळ्या बायकांना एकसारख्या साड्या हव्या होत्या, काठाला गडद पिवळ्या, पदराकडे फिक्या होत जाणाऱ्या.

शेठ माझ्या कानाशी आला. "ऑर्डर गेली तर तुझा प्रोग्राम पण गेला, साईं."

मी लॅपटॉप उघडला. पिवळा फिका होत गेला खरा, पण पायऱ्यापायऱ्यांनी. म्हैस चढून गेली असती असे पट्टे.

"ही साडी हाय का जिना?" काकूंनी विचारलं.

माझा प्रोग्राम आधी यंत्राला विचारतो, बाबा, एका ठिपक्याच्या रंगासाठी तुझ्याकडे बिटं किती? जितकी बिटं जास्त तितक्या छटा जास्त. उत्तर कमी आलं तर शेजारच्या ठिपक्यांत दोन छटा मिसळून पट्टे लपवतो. उत्तर आलं बत्तीस. त्यातली आठ पारदर्शकतेची, ती वजा केली तरी चोवीस. चोवीसात बारवी धरणाच्या पाण्याची प्रत्येक लाट वेगळी रंगवता येईल. मग पट्टे कुठून? पुन्हा विचारलं. बत्तीस.

"उजेडात बघू," काकू म्हणाल्या, आणि साडी नेतात तसा लॅपटॉप उचलून थेट रस्त्यावर. सगळ्या बायका मागोमाग. उन्हात पडदा काळा ठिक्कर.

"आत्या, यात तर माझी टिकलीच दिसते," एक सून म्हणाली.

रिक्षा थांबल्या, रिक्षावाले उतरून रंग सुचवायला लागले. शेजारचा दुकानदार "या ताई, आत या" करत दारात उभाच होता.

मी लॅपटॉप हिसकावला, दुकानाच्या पायरीवर बसलो आणि प्रोग्राममधून तो बिटांचा प्रश्नच काढून टाकला. यंत्र काहीही म्हणो, छटा मिसळायच्याच. सावलीत पुन्हा दाखवलं, तर दुधात हळद विरघळावी तसा पिवळा सरकत गेला.

काकूंनी काचेवर बोट फिरवलं, कापडाचा पोत बघावा तसं. "ह्यो चालंल. पदर जरा आणखी फिका कर."

शेजारचा आत गेला. शेठने सगळ्यांना चहा सांगितला.

बहुधा यंत्र स्वतःच्या मेमरीतली बिटं सांगत होतं आणि पडद्याची स्वस्तातली काच त्यातली काहीच दाखवत होती. नक्की काय, मला अजून उमगलेलं नाही. शेठने मात्र तेव्हाच विचारलं, "मग यात कलर किती, सही बोल."

"शेठ," मी म्हटलं, "तुम्हाला किती पाहिजेत?"