एका पायाचं सॅम्पल

सायकलवर बसलेल्या माणसाचं लंगडणं दिसत नाही. हा शोध मला नववीत लागला आणि तेव्हापासून शक्य तिथे मी सायकलनेच गेले. लहानपणी गावी जांभळाच्या झाडावरून पडले होते. हाडवैद्याने बांबूच्या कांब्या बांधून पाय बसवला आणि तो बसला तो जरा बाहेर तोंड करूनच. डावा पाय उजव्यापेक्षा थोडा आखूड राहिला, आणि शेजारच्या घरात डोकावावं तसा त्याचा चवडा कायमचा बाहेर वळला. चालताना हे सगळ्या जगाला दिसतं. सायकलवर मात्र दोन्ही पाय गोल फिरतात, आणि बघणाऱ्याला फक्त एक बाई कामाला जाताना दिसते.

दोन हजार चारच्या सुमारास मी बदलापूरहून अंबरनाथच्या एमआयडीसीत, एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये जात होते. कंपनीचा नियम असा, की गेटवर उतरायचं आणि सायकल हातात धरून आत न्यायची. गेटपासून लॅब चांगली लांब, मध्ये कॅन्टीन, आणि कॅन्टीनच्या पायऱ्यांवर चहा घेत बसलेली मंडळी. मी उतरत नसे. वॉचमन रोज ओरडायचा, "मॅडम, उतरून चला!" आणि मी रोज बहिरी होऊन थेट लॅबच्या दाराशी जाऊन थांबायचे. बाई उर्मट आहे असं त्याचं मत झालं होतं. लंगडी आहे यापेक्षा उर्मट आहे हे मला बरं वाटायचं.

माझ्या पायात तेव्हा कंपनीने दिलेले काळे चामडी बूट असायचे. जड, टणक, आणि दिसायला हवालदाराचे. पाच-सहा वर्षं मी ते वापरले आणि त्यांच्याकडे एकदाही नीट पाहिलं नाही. मग एका पावसाळ्यात दोन्ही तळ आडवे तडकले. चांभाराने हातात घेऊन बघितलं आणि मान हलवली. कंपनीने नवे दिले, पण तोवर बूट पुरवणारा बदलला होता. हे बूट हलके, तळ मऊ. लॅबमधले सगळे खूश झाले. मीही झाले, कंपनीच्या वाटेवरचा चिखलोलीचा चढ येईपर्यंत.

चढावर जोर दिला आणि डावा पाय पॅडलवरून सटकला. माझी पॅडलं लोखंडी, दातेरी कडांची. फिरून आलेल्या पॅडलने नडगी सोलून काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शिवाय कंपनीत पोचेपर्यंत अंगठ्याखालचा भाग असा बधिर व्हायचा की उतरल्यावर पाय जमिनीला लागलाय की नाही तेच कळेना. आई नडगीला हळद लावता लावता म्हणाली, "रिक्षाने जात जा ना. पायाचं आधीच काय ते झालंय." तिला वाटलं, सोपा उपाय आहे. रिक्षा गेटवर सोडते आणि गेटपासून पुढे चालावं लागतं, हे तिला मी सांगितलं नाही. सायकल सुटली तर माझं त्या कॅन्टीनसमोरून रोज दोनदा चालणं सुरू होणार होतं. मला त्याची भीती वाटत होती.

पण खरं सांगायचं तर भीतीच्या जोडीला मला नवलही वाटत होतं. तोच पाय, तीच सायकल, तोच रस्ता. मग बदललं काय? लॅबमधली सवय अशी, की एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. आधी पॅडलं बदलली. सायकलवाल्याने मोठ्या हौसेने रबरी ठोकळ्यांची बसवून दिली. "एकदम आरामात चालवा, मॅडम." कोरड्यात ती बरी होती, ओल्यात त्यांच्यावर साबण चोळल्यासारखा पाय फिरायचा. दातेरी परत बसवली. सायकलवाल्याने पाना जरा जोरात आपटला.

मग बूट. बदलापूर स्टेशनाजवळच्या दुकानांत बूट विकण्याची एक पद्धत होती. दुकानदार बूट हातात घेऊन पोळीसारखा दुमडून दाखवायचा. "बघा, काय नरम!" मग आपण तो घालायचा, सतरंजीवर दोन पावलं चालायचं, आरशात बघायचं आणि म्हणायचं, छान आहे. मीही असे स्पोर्ट्स शूज घेतले. घरात फिरताना ढगावर चालल्यासारखं वाटलं. सायकलवर पंधरा मिनिटांत पॅडलच्या दोन्ही कडा तळव्याला मोजता याव्यात इतक्या टोचायला लागल्या. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, तसं चाललं होतं.

एका रविवारी चिडून मी त्या नरम बुटात, पायाखाली, स्टीलची जुनी फूटपट्टी घालून बघितली. आई बघत होती. म्हणाली, "आता पायाची मापं काढणार काय?" मी सायकलवरून सोसायटीला चार चकरा मारल्या आणि बधिरपणा आला नाही. म्हणजे आरामाचं कोडं उलटं होतं! चालायला नरम तळ बरा, पण पॅडल सारखं एकाच जागी दाबतं, तिथे तळ टणकच हवा. म्हणजे दाब सगळ्या पायभर पसरतो. इतके दिवस दुकानदार मला चालायचे बूट विकत होते आणि मी ते बसून वापरत होते. मला इतका आनंद झाला की आईला धरून सगळं समजावलं. ती म्हणाली, "बरं. भात टाकू?"

अर्धंच कोडं सुटलं होतं. तळ टणक झाला तरी पाय सटकतच होता. मग आधीच्या बुटात तो पॅडलवरून कसा सटकत नव्हता? मी माळ्यावरून ते तडकलेले बूट काढले, अंगणात नेले आणि पहिल्यांदाच उलटे करून बघितले.

डाव्या बुटाच्या चवड्याखाली दोन खाचा होत्या. पॅडलच्या दोन दातेरी कडांनी इतक्या वर्षांत कोरलेल्या, बोट घातलं तर नख आत जाईल अशा. खाचा सरळ नव्हत्या. माझा पाय जितका बाहेर वळलाय तितक्याच तिरक्या होत्या. टाचही एका बाजूने उतरती झिजलेली. उजवा बूट पाहिला तर त्याच्या खाचा आडव्या, सरळ, आणि टाच सपाट. मी अंगणातच डावा बूट पॅडलवर ठेवला. तो खट्कन बसला आणि हलेना. माझा पाय पॅडलवर टिकत होता तो माझ्या जोरावर नाही, त्या खाचांवर. मी किती वेळ ते बूट आलटून पालटून बघत बसले कोण जाणे. माझं लंगडणं असं हातात धरून मी कधी पाहिलं नव्हतं.

नव्या तळाला अशा खाचा पडायला पुन्हा पाच-सहा वर्षं लागणार. तितक्या नडग्या माझ्याकडे नव्हत्या. पण आमच्या भागात यावर एक उपाय होता, तो म्हणजे उल्हासनगर. तिथे काहीही न्या, बॅग न्या, पँट न्या, मशीनचा सुटा भाग न्या, एकच प्रश्न विचारतात, "सॅम्पल आणलंय?" सॅम्पल दिलं की वस्तू तयार. तिथल्या कॅम्प नंबर चारमध्ये एका गल्लीत बूट बनवणारे सिंधी काका होते. अंबरनाथहून सायकल मारत मी त्यांच्याकडे गेले आणि, नेहमीसारखी, अगदी दुकानाच्या पायरीला टेकवून उतरले.

मी पिशवीतून बूट काढला. फक्त डावा. उजवा पिशवीतच ठेवला, कारण दोन्ही शेजारी शेजारी ठेवले की आंधळ्यालाही कळलं असतं.

काकांनी तो फिरवून बघितला. "तळ एकदम कडक पाहिजे?"

"कडक. आणि हुबेहूब असाच. या खाचा, ही टाच, सगळं."

"ये डिझाइन भी?" त्यांनी तिरक्या खाचांवरून अंगठा फिरवला.

"तीच तर पाहिजे."

"मॅडम, टेन्शन नको. डिट्टो बनवणार. ओरिजिनल आणि आपला बाजूबाजूला ठेवा, तुम्हीच फसणार."

"दुसऱ्या पायाचा लागेल का?" मी घाबरत विचारलं.

"कशाला? धंद्यात सॅम्पल एकच येतो. एकाचा दुसरा बनतो, आरशासारखा."

मी सुटले म्हणून इतकी खूश झाले की पुढचा विचारच केला नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात, तसं मी अर्धं भांडं लपवलं होतं.

बूट आले. काकांनी शब्द पाळला होता. डावा म्हणजे माझा जुनाच बूट, नव्या चामड्याचा. उजवा त्याचा आरसा: त्याच तिरक्या खाचा, तीच उतरती टाच, फक्त उलट्या बाजूला. घरात घालून उभी राहिले आणि दोन पावलांत भिंत धरली. आईने स्वयंपाकघरातून पाहिलं आणि तिला हसू आवरेना. "अगं, आता दोन्हीकडून डुलतेस!" मलाही हसू फुटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझे दोन्ही पाय सारखे झाले होते आणि मला धड चालता येत नव्हतं. सायकलवर डावा पाय स्वर्गात होता; उजवा, बिचारा चांगला पाय, खाचांनी बाहेर ओढला जायचा आणि दर फेऱ्याला टाच पॅडलच्या लोखंडी दांड्यावर आपटायची.

हसून झाल्यावर मला रडू आलं, तेही सांगते. कारण आता काय करायला हवं ते मला कळत होतं, आणि तेच तर मला करायचं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी चार बूट घेऊन काकांकडे गेले. त्यांना आधी रागच आला. "डिट्टो नाय झाला काय?"

"डिट्टो झालाय. तेच चुकलंय," मी म्हटलं आणि जुने दोन्ही बूट, तळ वर करून, काउंटरवर शेजारी ठेवले.

काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. एकदा डावा, एकदा उजवा. मग काउंटरमागून बाहेर आले, पायरीवर बसले आणि म्हणाले, "चालून दाखवा."

चाल लपवण्यात माझी वीस वर्षं गेली होती, आणि चालून दाखवा असं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं. गल्लीत दोन्ही बाजूंना शिलाईची मशिनं चालू होती, माणसं ये-जा करत होती. माझे कान तापले. पण मी चालले, समोरच्या विजेच्या खांबापर्यंत आणि परत.

"परत एकदा. हळू."

परत येताना मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते. मान वाकडी करून, नजर जमिनीजवळ नेऊन ते पायांकडे बघत होते, टाच कुठे टेकते, चवडा कुठे फिरतो. ती नजर मला ओळखीची होती. अंगणात जुने बूट उलटे करून मी तशीच बसले होते. माझ्या पायाकडे दया आल्याशिवाय बघता येतं हे मला माहीतच नव्हतं. मी न सांगता तिसऱ्यांदा खांबापर्यंत जाऊन आले.

काका उठले आणि जरा वैतागूनच म्हणाले, "आधी सांगायचं ना, मॅडम! ही जोडी थोडीच आहे? ही दोन सॅम्पल आहेत." मग दाराशी टेकवलेल्या सायकलकडे बोट केलं. "बसून पण दाखवा."

नवा उजवा बूट मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी चिखलोलीचा चढ मी एका दमात चढले. दोन्ही पाय आपापल्या खाचांत, आपापल्या कोनात बसले होते. कंपनीच्या गेटवर वॉचमनने नेहमीसारखा आवाज काढायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं, कारण मी उतरले होते. सायकल हातात धरून मी कॅन्टीनच्या दिशेने चालायला लागले.

"काय झालं मॅडम," तो मागून धावत आला, "पंक्चर?"

"नाही हो," मी म्हटलं आणि पाय उचलून तळ त्याच्यापुढे धरला. "नवे बूट आहेत. हा डावा. आता उजवा बघा, वेगळा आहे."